आधी ऊस, मग कारखाना

लहान शहरात उत्पादनाची इमारत बांधणं हा मूर्खपणा आहे, आणि तो शहाणपण म्हणून शिकवणाऱ्यांनी नव्या खेळाडूंचं वाटोळं केलं आहे. नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीत शिफ्ट सुटल्यावर खोलीवर येऊन ‘सिव्हिलायझेशन’ हा स्ट्रॅटेजी गेम लावणारी पोरं मी पाहतो. दिवसभर मशिनवर सेकंदासेकंदाचा सायकल टाइम वाचवणारी ही पोरं हुशार आहेत, हिशेबी आहेत. पण डाव सुरू झाला की हा हिशेब दाराबाहेर राहतो. शहरात वस्ती दोनाची, आजूबाजूला जंगल, एका शेतालाही पाणी नाही, आणि बांधकामाच्या रांगेत सगळ्यात वर काय? फोर्ज, म्हणजे उत्पादन वाढवणारी भट्टी. का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘प्रॉडक्शन पहिलं, बाकीचं मागून.’ कुठल्याशा व्हिडिओत ऐकलेलं एक वाक्य, आणि त्याच्यावर अख्खा डाव गहाण.

या वाक्याची मला चीड आहे. ते पूर्ण खोटं असतं तर दोन डाव हरल्यावर आपोआप विसरलं गेलं असतं. ते अर्धवट खरं आहे, म्हणून टिकून आहे.

चौथा ‘सिव्हिलायझेशन’ घ्या. फिरॅक्सिसचा, 2005 सालचा. जुना झाला, पण साध्या लॅपटॉपवर चालतो आणि त्याचा हिशेब कागदावर मांडता येतो. त्यात उत्पादन हॅमरमध्ये मोजतात. फोर्जला 120 हॅमर लागतात आणि शहराचं उत्पादन 25 टक्क्यांनी वाढतं. पंचवीस टक्के म्हटलं की डोळे चमकतात. पण कशाचे पंचवीस टक्के? शहर टर्नला 8 हॅमर काढत असेल तर वाढ झाली 2 हॅमरची. फोर्ज उभा करण्यात 15 टर्न गेले. त्यात ओतलेले 120 हॅमर दोन-दोन करून परत यायला आणखी 60 टर्न. म्हणजे काम हातात घेतल्यापासून 75 टर्न तुम्ही तोट्यात आहात. या 75 टर्नांत शेजारचा राजा मॉन्टेझुमा हात जोडून बसत नाही. तो सैन्य घेऊन येतो, आणि तुमच्याकडे दाखवायला एक झकास फोर्ज असतो.

तेच शहर 20 हॅमरचं झाल्यावर बांधायला घ्या. 6 टर्नांत उभा, टर्नला 5 हॅमरची भर, 24 टर्नांत वसूल, सगळे मिळून 30. सूत्र अगदी सोपं आहे: 600 ला शहराच्या हॅमरनी भागायचं. 12 हॅमर असतील तर 50 टर्न, 30 असतील तर 20. एवढा भागाकार चौथीतल्या पोराला येतो. तो न करता जो फोर्ज लावतो, त्याने स्वतःला स्ट्रॅटेजी गेमचा खेळाडू म्हणवून घेऊ नये.

यावर एक उत्तर मला हमखास ऐकवलं जातं. शहर काही 8 हॅमरवर थांबत नाही, ते वाढतं, मग फोर्जचा फायदाही वाढत जातो. बरोबर. पण शहर वाढतं कशाने? अन्नाने. कोठार, म्हणजे ग्रॅनरी, 60 हॅमरला येतं, फोर्जच्या निम्म्या किमतीत, आणि वस्ती वाढताना साठलेलं निम्मं अन्न राखून ठेवतं. वर्करही 60 हॅमरला येतो. तो शेत करतो, खाण खोदतो, रस्ता काढतो. सेटलर 100 हॅमरला येतो, म्हणजे अख्खं नवं शहर फोर्जपेक्षा स्वस्त. आणि कुऱ्हाडवाले सैनिक 35 हॅमरला एक, म्हणजे एका फोर्जच्या किमतीत तिघे आणि वर थोडी शिल्लक. शहर वाढणारच असेल तर वाढू द्या, मग बांधा. इमारत लवकर उभी राहील आणि पहिल्या दिवसापासून जास्त देईल. वाढीचा दाखला देऊन घाई करणारे लोक आपल्याच मुद्द्याचा अर्थ उलटा लावतात.

हे समजायला नगर जिल्ह्यातल्या माणसाला खरं तर खेळाचीही गरज नाही. प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण 1926 साली पूर्ण झालं. कालव्यांनी पाणी आलं, पाण्यावर ऊस आला, ऊस पिकवणारे आणि त्याच्या भावासाठी झगडणारे शेतकरी तयार झाले. त्यानंतर, 1950 मध्ये, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीजवळ प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. धरण ते सहकारी कारखाना, मध्ये चोवीस वर्षं. या माणसांना कारखान्याची घाई नव्हती असं नाही. आधी शेतकऱ्यांचे भाग गोळा करायला ते गावोगाव हिंडले. पण शिवारात ऊस उभा होता म्हणून त्या हिंडण्याला अर्थ होता. पाण्याआधी गव्हाण बांधली असती तर तिच्यात टाकणार काय होते?

आणि याच महाराष्ट्रात उलटा क्रमही आपण डोळ्यांनी पाहिला आहे. उसाचा भरवसा नसताना कर्ज काढून गाळपक्षमता वाढवली, वर डिस्टिलरी, वर सहवीजनिर्मिती. मग दुष्काळ पडला की एकाच उसामागे चार कारखान्यांच्या टोळ्या धावतात. अलीकडच्या हंगामांत कित्येक कारखाने शंभर दिवससुद्धा धड चालले नाहीत. क्षमता वाढली, ऊस वाढला नाही, आणि व्याज मात्र बाराही महिने चालू राहिलं. 8 हॅमरच्या शहरातला फोर्ज तो हाच.

नागापुरातही हेच दिसतं, फक्त आकार लहान. कुणी नोकरी सोडून जॉबवर्क सुरू करतो. हातात एका कंपनीची ऑर्डर, तीही तोंडी. तरी पहिल्या वर्षीच शेड वाढवतो, दुसरं व्हीएमसी मशिन हप्त्यावर घेतो. मशिन दिवसातले सहा तास रिकामं, हप्ता मात्र महिन्याच्या पाच तारखेला हजर. इथे त्या माणसाला मी पूर्ण दोष देणार नाही. एमआयडीसीचा प्लॉट 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो, पण ठरलेल्या मुदतीत बांधकाम करून पूर्णत्वाचा दाखला घ्यावा लागतो; नाही घेतला तर मुदतवाढीचे पैसे भरा, नाहीतर प्लॉट परत जाण्याची टांगती तलवार. त्याच्या मागे नियमाचा रेटा आहे, म्हणून तो घाई करतो. खेळाडूच्या मागे कोण लागलंय? मुदत नाही, नोटीस नाही, बँकेचा साहेब नाही. तरीही तो वस्ती दोनाची असताना फोर्ज लावतो. ही निव्वळ बुद्धीची आळशीगिरी आहे.

पुढच्या काळातल्या फॅक्टरीची गोष्ट तर याहून वाईट. चौथ्या ‘सिव्हिलायझेशन’मध्ये ती फोर्जपेक्षा महाग. नुसती बांधली तर 25 टक्के देते. शहराला वीज मिळाली की आणखी 50 टक्के. म्हणजे तिची खरी ताकद विजेत आहे. आणि आमचे वीर विजेचा विचार न करता दहा शहरांत दहा फॅक्टऱ्या लावून मोकळे होतात. मंजूर लोड नसताना शेडमध्ये मशिन उतरवून घेणारा माणूस नागापुरात कुणी शहाणा म्हणणार नाही. खेळात मात्र त्याला ‘इंडस्ट्रियल रणनीती’ असं भारदस्त नाव मिळतं.

आता हे वाचून कुणी दुसऱ्या टोकाला जाईल, म्हणून सांगतो: उशीर करा, असं मी म्हणत नाही. हिशेब करा, असं म्हणतो, आणि हिशेबाचं उत्तर खेळागणिक बदलतं. 1999 सालचा ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक 3’ घ्या. त्यात टाउन हॉल 2,500 सोन्याचा, रोजची आवक 500 वरून 1,000 वर नेतो. सिटी हॉल 5,000 चा, 1,000 वरून 2,000. कॅपिटॉल 10,000 चं, 2,000 वरून 4,000. तिन्हींचा पैसा बरोबर पाच दिवसांत वसूल. पाच दिवस! अशा खेळात लवकर न बांधणारा गाढव. मात्र तिथेही आंधळेपणा चालत नाही. सिटी हॉलच्या आधी बाजार, लोहार आणि जादूगारांचा मठ लागतो, कॅपिटॉलच्या आधी किल्ला. शहरात दिवसाला एकच इमारत उभी राहते. पाच दिवसांचा आकडा पाठ असलेला खेळाडू या आधीच्या इमारतींचा खर्च आणि दिवस विसरतो. आणि किल्ला सैन्याची आठवड्याची वाढ दुप्पट करतो खरा, पण ती भरती मिळते नवा आठवडा लागताना. नुसत्या भरतीसाठीच बांधायचा असेल आणि शत्रू वेशीवर नसेल, तर तो दुसऱ्या दिवशी बांधला काय आणि सातव्या दिवशी बांधला काय, सैनिक तेवढेच. मधल्या दिवसांत ते सोनं दुसरीकडे राबलं असतं.

सहाव्या ‘सिव्हिलायझेशन’मध्ये तर आणखी एक पेच आहे. तिथे औद्योगिक क्षेत्राची किंमत तुमचं संशोधन जसं पुढे जाईल तशी चढत जाते, पण एकदा जागा आखली की किंमत तिथेच गोठते. म्हणून तिथलं शहाणपण असं, की जागा आज आखायची आणि बांधकाम सावकाश, शहराच्या अंगात बळ आल्यावर करायचं. प्लॉट जुन्या दराने घेणं वेगळं, शेड उभं करणं वेगळं, हे नागापुरातल्या कुठल्याही दलालाला कळतं. सगळे खेळ एका फटक्यात निकालात काढणारे ‘प्रॉडक्शन पहिलं’वाले हा फरकसुद्धा बघत नाहीत.

आणि डावाच्या शेवटाबद्दल कुणी बोलतच नाही. डाव संपायला 25 टर्न उरलेत, शहर 15 हॅमरचं, आणि गडी फोर्ज लावतो! 600 भागिले 15, म्हणजे 40 टर्न. डाव संपेल तेव्हा हा माणूस अजून तोट्यातच असेल. तेच हॅमर त्याने सैन्यात नाहीतर अंतराळयानाच्या सुट्या भागांत घातले असते तर काही हाती लागलं असतं. सवय लागली की माणूस शेवटच्या टर्नलाही गुंतवणूकच करत बसतो, खर्च करून जिंकायचं त्याला सुचत नाही. बुद्धिबळात असं कुणी खेळलं तर आपण हसतो. इथे मात्र ‘माझी इकॉनॉमी किती भारी होती’ म्हणून हरलेला माणूस छाती काढून फिरतो.

मला या खेळांविषयी प्रेम आहे, म्हणून इतका त्रागा करतो. पगाराच्या पोराला भांडवल, परतावा, मुदत आणि संधी यांचा सराव फुकटात करून देणारी याहून चांगली शाळा मला माहीत नाही. खऱ्या शेडमध्ये हीच चूक केली तर घर विकावं लागतं. इथे फार तर एक संध्याकाळ जाते. त्या शाळेत पाठांतर शिरलं की तिचा उपयोग संपला.

म्हणून व्हिडिओ करणाऱ्यांना माझं सांगणं आहे: ‘कधी बांधायचं’ हे सांगताना शहराचे हॅमर, इमारतीची किंमत आणि उरलेले टर्न हे तीन आकडे पडद्यावर दाखवा, नाहीतर सल्ला देऊ नका. आणि खेळणाऱ्या पोरांनो, आज रात्री फोर्जवर बोट ठेवण्याआधी शहराचे हॅमर बघा, 600 ला भागा, आणि येणारा आकडा शेजाऱ्याच्या हल्ल्याआधी बसत नसेल तर कोठार बांधा.