तपासणी फडावर यावी

मार्चचा दुसरा गुरुवार २००६ पासून जागतिक मूत्रपिंड दिन म्हणून पाळला जातो. याच सुमारास पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांचा पट्टा पडू लागतो, म्हणजे गाळप हंगाम संपत येतो. ऊसतोड मजुरांची भांडीकुंडी आणि पोरंबाळं भरलेले ट्रॅक्टर मांजरसुंब्याच्या फाट्यावरून केज, धारूर, बीडकडे वळतात. माणसं परत येतात, पण त्यांची मूत्रपिंडं कोणत्या अवस्थेत परत येतात, हे कोणी पाहत नाही.

निकाराग्वा आणि एल साल्वाडोरमध्ये मधुमेह नाही, रक्तदाब नाही, अशा तरण्या ऊसतोड मजुरांची मूत्रपिंडं निकामी झाली. उन्हातली अंगमोड मेहनत आणि पाण्याची कमतरता ही त्याची मोठी कारणं मानली जातात. आपल्या उसाच्या फडावर वेगळं काय आहे? आडोसा नाही म्हणून बाया पाणी कमी पितात. खाडा पडला की पैसे कापले जातात, म्हणून अंग दुखलं तरी गोळी घेऊन कोयता चालवायचा. वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला आणखी जाचतात. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसेपर्यंत मूत्रपिंडाची निम्मी क्षमता गेलेली असू शकते.

म्हणूनच बिघाड त्याआधी हेरू शकतील अशा प्रकाशतंतूच्या संवेदकांकडे आशेनं पाहावंसं वाटतं. मुंबईच्या आयआयटीत व्ही. व्ही. आर. साई, तपनेंदू कुंडू आणि सौम्यो मुखर्जी यांनी २००९ मध्ये इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा वाकवलेला तंतू वापरून असा जैवसंवेदक मांडला. वाकलेल्या जागी वरचं आवरण काढलं की आतला प्रकाश काठावर किंचित बाहेर डोकावतो. तिथे सोन्याचे अतिसूक्ष्म कण आणि त्यांवर एखादं विशिष्ट प्रथिन धरून ठेवणारी प्रतिपिंडं बसवतात. ते प्रथिन चिकटलं की पलीकडे पोचणारा प्रकाश बदलतो. लघवीतलं अल्ब्युमिन किंवा रक्तातलं सिस्टॅटिन-सी या मूत्रपिंडाच्या बिघाडाच्या खुणा ओळखायलाही हेच तत्त्व वापरता येतं. अशी उपकरणं अजून बहुतांशी प्रयोगशाळेतच आहेत. ती बाहेर येतील तेव्हा आधी शहरातल्या चकचकीत लॅबमध्ये न जाता फडावर यावीत, असा आमचा आग्रह आहे. हंगामाआधी उचल (आगाऊ रक्कम) घेताना एकदा, भर हंगामात एकदा आणि पट्टा पडल्यावर एकदा तपासणी व्हावी, आणि तिचा खर्च कारखान्यानं उचलावा.

मात्र अहवाल मजुराच्याच हातात पडला पाहिजे, उचल देऊन टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या नव्हे. नाहीतर ज्याचा आकडा वाढला त्याची पुढच्या साली उचल बंद, एवढाच त्या तपासणीचा उपयोग होईल; आणि ते कळलं की कोणी लघवीचा नमुनाही देणार नाही. आकडा वाढलेल्या मजुराला सावली, पाणी आणि पगारी विश्रांती मिळेल, हे कारखान्यांनी येत्या हंगामाच्या करारातच लिहून द्यावं.