विश्लेषण : एक चक्रीवादळ विरते, दुसरे रातोरात अक्राळविक्राळ होते… असे का?

डिसेंबर २०१७ मध्ये ‘ओखी’ चक्रीवादळ कोकणाच्या दिशेने येत होते, तेव्हा मुंबईत शाळांना सुटी देण्यात आली. प्रत्यक्षात वादळ किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत त्याचे कमी दाबाच्या क्षेत्रात रूपांतर झाले होते. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ मात्र मुंबईपासून साधारण दीडशे किलोमीटरवरून गेले आणि तरीही शहराला त्याने झोडपून काढले. अरबी समुद्र तोच, किनाराही तोच. मग फरक कशाचा? उत्तर समुद्राच्या पोटातील उष्णतेत आणि आकाशातील वाऱ्यांत आहे.

चक्रीवादळाला ऊर्जा कोठून मिळते?

चक्रीवादळाचे इंधन म्हणजे समुद्राचे गरम पाणी. पृष्ठभागाचे तापमान साधारण २६.५ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त असेल, तर पाण्याची मोठ्या प्रमाणावर वाफ होते. ही वाफ वर जाऊन थंड झाली की ढग तयार होतात आणि वाफेत साठलेली सुप्त उष्णता बाहेर पडते. त्यामुळे वादळाच्या मध्यभागातील हवा आणखी तापते, खालचा दाब घटतो आणि चोहोबाजूंनी आणखी बाष्पयुक्त वारे आत खेचले जातात. हे चक्र सुरू राहिले, तर वादळाची ताकद वाढत जाते.

फक्त पृष्ठभागाचे तापमान पुरेसे का नाही?

आंघोळीच्या बादलीत वरचे पाणी कढत आणि तळाचे गार असेल, तर हात फिरवताच सगळे कोमट होते. समुद्राचेही तसेच. वादळी वारे समुद्र घुसळतात आणि खालचे थंड पाणी वर आणतात. गरम पाण्याचा थर पातळ असेल, तर वादळ स्वतःच स्वतःचे इंधन संपवते. एकाच जागी रेंगाळणाऱ्या वादळाच्या बाबतीत हे अधिक घडते. पण गरम थर जाड असेल, तर कितीही घुसळले तरी वर गरम पाणीच येत राहते. म्हणून शास्त्रज्ञ २६ अंशांपेक्षा जास्त तापलेला थर किती खोल आहे आणि त्यात एकूण किती उष्णता आहे, हे मोजतात. त्यासाठी उपग्रहांची आणि समुद्रात तरंगत वर-खाली फिरणाऱ्या ‘आर्गो’ उपकरणांची मदत होते. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था भारताभोवतीच्या समुद्राची अशी माहिती पुरवते.

‘विंड शिअर’ म्हणजे काय?

जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवरचे वारे आणि सुमारे १२ किलोमीटर उंचीवरचे वारे यांच्या वेगात व दिशेत जो फरक असतो, त्याला ‘विंड शिअर’ म्हणतात. चक्रीवादळ ही मडक्यांच्या उतरंडीसारखी उभी रचना असते. खालचे मडके एका बाजूला आणि वरचे दुसऱ्या बाजूला ढकलले, तर उतरंड कोसळते. शिअर जास्त असेल, तर वादळाचा वरचा भाग खालच्या केंद्रापासून सरकतो, मध्यभागात साठलेली उष्णता विखुरते आणि बाजूची कोरडी हवा आत घुसते. हा फरक ताशी २० किलोमीटरच्या आत असेल, तर वादळाला अनुकूल मानला जातो; तो ताशी ३५-४० किलोमीटरच्या पुढे गेला की वादळाची वाढ सहसा खुंटते.

जुलै-ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात मोठी चक्रीवादळे फारशी का होत नाहीत, याचे कारणही हेच. तेव्हा खाली नैऋत्येकडून मोसमी वारे जोरात वाहतात आणि वर पूर्वेकडून येणारा वेगवान झोत असतो. दोन्ही परस्परविरुद्ध असल्याने शिअर प्रचंड असते. म्हणूनच आपल्याकडे चक्रीवादळांचे हंगाम दोन : मोसमी पावसाआधीचा आणि त्यानंतरचा.

‘ओखी’ आणि ‘तौक्ते’त नेमके काय वेगळे घडले?

‘ओखी’ दक्षिणेकडील उबदार पाण्यावर अतितीव्र झाले. उत्तरेकडे सरकताना त्याला डिसेंबरातील तुलनेने थंड पाणी आणि वरच्या थरातील जोरदार पश्चिमी वारे, दोन्ही एकदम आडवे आले. ‘तौक्ते’च्या वाटेवर मे महिन्यातील तापलेला समुद्र होता आणि शिअर त्याला मोडून काढण्याइतके नव्हते. १४ मे रोजी कमी दाबाचा पट्टा असलेले हे वादळ १७ मेच्या पहाटे अत्यंत तीव्र गटात पोहोचले आणि त्याच रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर धडकले. मुंबईजवळच्या समुद्रात ‘पी-३०५’ हा बार्ज बुडाला. त्यावरील ७० हून अधिक कामगार दगावले.

‘झपाट्याने तीव्र होणे’ इतके घातक का?

२४ तासांत वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ५५ किलोमीटरने किंवा अधिक वाढला, तर त्याला ‘झपाट्याने तीव्र होणे’ म्हणतात. वादळ कोठे जाईल, याचे अंदाज गेल्या काही दशकांत खूप सुधारले. ते किती बलवान होईल, हे सांगणे अजूनही अवघड आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मेक्सिकोतील अकापुल्कोला धडकलेले ‘ओटिस’ हे त्याचे ढळढळीत उदाहरण. साधे वादळ म्हणून अपेक्षित असलेले ‘ओटिस’ एका दिवसात सर्वोच्च, पाचव्या श्रेणीत गेले. ‘ओखी’च्या वेळीही केरळ-तमिळनाडूचे शेकडो मच्छीमार आधीच खोल समुद्रात होते. त्यांतील अनेक जण परतलेच नाहीत.

अरबी समुद्राचा धोका वाढतो आहे का?

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या २०२१ च्या अभ्यासानुसार, २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. अतितीव्र वादळांतील वाढ १५० टक्के आहे. समुद्राचे वाढते तापमान हे त्यामागचे प्रमुख कारण. मात्र गरम समुद्र म्हणजे हमखास वादळ नव्हे. २०२३ मधील ‘बिपरजॉय’ १३ दिवस टिकले, पण गुजरातला धडकण्यापूर्वी त्याचा जोर ओसरला होता. इंधन भरपूर असले, तरी वरच्या वाऱ्यांनी साथ दिली नाही, तर वादळ ढेपाळते.

कोकणाने यातून काय घ्यावे?

जून २०२० मधील ‘निसर्ग’ १ जूनला कमी दाबाचे क्षेत्र होते आणि ३ जूनच्या दुपारी तीव्र चक्रीवादळ म्हणून रायगडच्या किनाऱ्यावर होते. नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. म्हणजे तयारीला मिळाले जेमतेम दोन दिवस. त्यामुळे इशाऱ्यात आज ‘कमी दाबाचे क्षेत्र’ एवढेच लिहिले आहे म्हणून बोट समुद्रात लोटणे शहाणपणाचे नाही. वादळाची आजची ताकद पाहण्यापेक्षा पुढच्या ४८ तासांचा अंदाज पाहावा आणि वादळ बळावण्याची वाट न पाहता किनारा गाठावा. ‘ओखी’सारखे वादळ विरले, तर एक दिवसाची मजुरी बुडते. ‘तौक्ते’सारखे फुगले, तर परतायला वेळच उरत नाही.