आष्टीचा ओढा आणि बेसचा कोपरा

फेब्रुवारी आला की आपल्याकडे युद्धखेळाच्या टेबलावर आष्टीची लढाई मांडली जाते आणि मार्चात तिची भांडणं संपादकांकडे येतात. यंदाची बहुतेक पत्रं एकाच प्रश्नावर आहेत: पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांचे स्वार इंग्रजांच्या बाविसाव्या ड्रॅगून रिसाल्याच्या समोरून तिरपे निघून उजवीकडच्या सातव्या मद्रास रिसाल्यावर जाऊ शकतात का?

नियमाच्या अक्षरावर बोट ठेवलं तर नाही. प्रचलित नियमपुस्तकांपैकी बरीचशी सांगतात की, शत्रूच्या तोंडासमोर ठरावीक अंतरात आलेल्या तुकडीने त्याच्याशीच भिडावं, त्याला ओलांडून दुसरीकडे जाऊ नये. पण फेब्रुवारी १८१८ मध्ये मोहोळ तालुक्यातल्या आष्टीला गोखल्यांनी नेमकं तेच केलं. प्रत्यक्षात घडलेला हल्ला टेबलावर बेकायदा ठरत असेल, तर त्या मांडणीपुरता नियम बाजूला ठेवावा. मात्र हे फासा हातात घेण्याआधी ठरवून कागदावर लिहावं. हल्ला करायला मुभा आहे, तो यशस्वी होईलच असं नाही.

खरी गंमत पुढे आहे. सातवा रिसाला ओढ्याच्या काठाशी, फळी अजून पुरती बांधलेली नाही. पंधरा मिलिमीटरच्या फिगर, त्या चिकटवलेले चाळीस मिलिमीटर रुंदीचे बेस. दोन बेस अलीकडे, दोन पलीकडे. गोखल्यांच्या पुढच्या बेसचा कोपरा त्यातल्या एका बेसच्या कोपऱ्याला टेकतो. आता हा हल्ला समोरून की बगलेवर? कुणी मोजपट्टी काढतो, कुणी व्हिजिटिंग कार्ड उभं धरून डोळा बारीक करतो, आणि अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाल्याने अख्ख्या लढाईचा निकाल फिरतो. आमच्या मते हा वादच फुकटचा आहे. जी फळी उभीच राहिलेली नाही, तिला समोर कुठली आणि बगल कुठली? ती विस्कळित धरा, तिचे गुण कापा आणि पुढे चला. ड्रॅगूनना त्याच पाळीत वळून धावून जाण्याची संधी द्या, पण फाशाची परीक्षा घेऊन. ड्रॅगूनच्या मेजर डॉजला तेव्हा ते सुचलं. तुमच्या टेबलावरच्या मेजरला सुचेलच असं नाही.

अशा वेळी पंच नेमायला आपले खेळाडू का कचरतात कळत नाही. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइसवित्झचा युद्धखेळ आला तेव्हापासून पंच आहेच. १८७६ मध्ये फेर्डी द्यू फेर्नुआने तर फासे आणि तक्ते बाजूला सारून सगळा निवाडा अनुभवी पंचावर सोपवला. एच. जी. वेल्सने १९१३ च्या ‘लिटल वॉर्स’मध्ये वेगळीच वाट काढली: खेळण्यातल्या तोफेने गोळी मारायची, शिपाई पडला तर मेला. तिथे कोपऱ्याचा वाद नाही! आपण या दोन टोकांच्या मध्ये अडकलो आहोत. नियमपुस्तकं जाड होत चालली आहेत आणि भांडणं काही कमी होत नाहीत.

आष्टी जिंकली कुणी, हाही प्रश्न पत्रांत आहे. मोडलेल्या तुकड्या मोजल्या तर इंग्रजांचा जनरल स्मिथ सरळ जिंकतो. पण गोखले लढले ते पेशवा बाजीरावाला निसटायला वेळ मिळावा म्हणून, आणि बाजीराव निसटला. गोखले स्वतः पडले. सातारचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती लागले, हा त्यांचा मोठा लाभ. तेव्हा गुण तिन्ही गोष्टींना द्या: बाजीराव टेबलाबाहेर गेला का, छत्रपती कुणाकडे, आणि गोखले उरले का. तुकड्यांची मोजदाद शेवटी. माघार घेणाऱ्या मराठा स्वारांना दर वेळी ‘पळाले’ म्हणून खोडून टाकणारा नियमही याच कारणाने आम्हाला मान्य नाही. युरोपातल्या फळ्यांसाठी लिहिलेली ती मोजपट्टी आहे.

पुढच्या अंकात सोलापूर, मे १८१८. इंग्रज सेनानी मन्रोच्या लोकांनी शिड्या लावून पेठ घेतली, पेशव्यांचे गणपतराव पानसे बाहेरून त्यांच्यावर चालून आले, आणि किल्ला त्यानंतर काही दिवसांनी पडला. अर्धी घेतलेली पेठ कुणाची धरायची? तलावाकडच्या तटाला शिडी लागू द्यायची का? सोलापूरकरांनी निवाडा देण्याआधी भुईकोटाला आणि सिद्धेश्वर तलावाच्या काठाने एक फेरी मारावी. पत्रासोबत आकृती, बेसची रुंदी, नियमपुस्तकाचं नाव आणि कलम हवंच. त्याशिवाय आलेली पत्रं छापली जाणार नाहीत.