छप्पर कुणाच्या डोक्यावर?

मैत्रिणींनो, टेनिस म्हटलं की आपल्यापैकी बऱ्याच जणींना विम्बल्डनची हिरवळ आणि सानिया मिर्झा आठवते. त्यापलीकडे हा खेळ म्हणजे घरातल्या पुरुष मंडळींनी रिमोट ताब्यात घेऊन बघायची गोष्ट! तरीही आज मी मुद्दाम पुरुषांच्याच एका स्पर्धेबद्दल लिहिणार आहे. त्यात आपण विचार करावा असं बरंच काही आहे.

ही स्पर्धा म्हणजे पॅरिस मास्टर्स. मे-जूनमध्ये लाल मातीवर होणारी फ्रेंच ओपन वेगळी, तिथे स्त्री-पुरुष दोघंही खेळतात. पॅरिस मास्टर्स फक्त पुरुषांची आणि ती भरते साधारण ऑक्टोबरच्या शेवटी. त्या दिवसांत युरोपात थंडी-पाऊस सुरू झालेला असतो, म्हणून सगळा खेळ बंदिस्त हॉलमध्ये, छपराखाली. वारा नाही, डोळ्यांत ऊन नाही. २००६ पर्यंत इथे गालिच्यासारख्या पृष्ठभागावर सामने होत. २००७ पासून 'हार्ड कोर्ट' आलं, म्हणजे टणक पायावर रंगाचे थर दिलेलं मैदान.

१९८६ साली सुरू झालेली ही स्पर्धा २०२४ पर्यंत बेर्सी भागातल्या हॉलमध्ये होत असे. २०२५ मध्ये ती शहराजवळ असलेल्या नांतेरच्या नव्या, भव्य सभागृहात गेली. मुख्य कोर्टाभोवती सुमारे साडेसतरा हजार माणसं बसतील एवढं ते मोठं! इटलीचा यानिक सिनर तिथे जिंकला. आपल्या रोहन बोपण्णाचा निरोपही इथलाच. कोडगूच्या या खेळाडूने २०११ आणि २०१२ साली इथेच दुहेरीचं विजेतेपद मिळवलं होतं. २०२५ ची पॅरिसची स्पर्धा त्याची शेवटची ठरली.

आता नाण्याची दुसरी बाजू. याच पॅरिसमध्ये बायकांचीही एक बंदिस्त हॉलमधली स्पर्धा होती. १९९३ साली सुरू झाली, तेव्हा मार्टिना नवरातिलोव्हाने मोनिका सेलेसला हरवून ती जिंकली. मार्टिना तेव्हा छत्तीस वर्षांची होती! १९९९ मध्ये सेरेना विल्यम्सने एकेरीचं आयुष्यातलं पहिलं व्यावसायिक विजेतेपद मिळवलं ते याच स्पर्धेत. फ्रान्सची लाडकी अमेली मोरेस्मो इथे २००१ आणि २००६ अशी दोनदा जिंकली. एवढी पुण्याई असलेली ही स्पर्धा २०१४ नंतर बंद झाली. शहर तेच, प्रेक्षक तेच. पुरुषांच्या स्पर्धेला आणखी मोठं छप्पर मिळालं, आणि बायकांच्या डोक्यावरचं होतं तेही गेलं.

असं का, असं विचारलं की एक ठरलेलं उत्तर मिळतं. पुरुष पाच सेट खेळतात, बायका तीन, मग बरोबरी कशी? फ्रेंच ओपनमध्ये रात्रीचा मानाचा सामना बहुतेक वेळा पुरुषांनाच देतात, तेव्हाही हेच कारण पुढे येतं. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी रात्रीच्या सत्रात बायकांचा एकही सामना ठेवला नव्हता. पण पॅरिस मास्टर्समध्ये पुरुषही तीनच सेटचे सामने खेळतात! म्हणजे हे कारण तिथे लागूच पडत नाही.

मग दुसरं उत्तर येतं, "बायकांचा खेळ बघायला लोक येत नाहीत." हे मात्र नीट तपासून बघायला हवं. लोक कुठे येतात? जिथे दरवर्षी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी काही घडतं तिथे. आपल्या गावची जत्रा दरवर्षी जागा आणि तिथी बदलत राहिली तर तिथे तरी कोण जाईल?

मोसमाच्या शेवटी सर्वोत्तम आठ खेळाडूंची स्पर्धा होते. पुरुषांची २००९ ते २०२० लंडनला झाली आणि २०२१ पासून ट्यूरिनला, बंदिस्त हॉलमध्येच. बायकांची २०१४ ते २०१८ सिंगापूरला होती. तिथे सानियाने २०१४ आणि २०१५ असं लागोपाठ दोनदा दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. पुढे २०१९ मध्ये शेन्झेन, २०२० मध्ये झालीच नाही, २०२१ मध्ये ग्वादालाहारा, २०२२ मध्ये फोर्ट वर्थ, २०२३ मध्ये कान्कून, मग रियाध. अकरा महिन्यांचा करार संपला की बिऱ्हाड उचलणाऱ्या भाडेकरूसारखी गत! कान्कूनला तर तात्पुरत्या उभारलेल्या उघड्या स्टेडियममध्ये वारा-पावसात सामने झाले आणि खेळाडूंनी जाहीर नाराजी व्यक्त केली.

यात कोरोनाचा वाटा होता, हे खरं. पण एक गोष्ट अभिमानाची आहे. चीनची खेळाडू पेंग श्वाई हिच्या सुरक्षिततेबद्दल काळजी वाटली म्हणून महिला टेनिस संघटनेने २०२१ च्या डिसेंबरात चीनमधल्या स्पर्धा थांबवल्या. हक्काच्या पैशावर पाणी सोडलं. २०२३ मध्ये ती संघटना तिथे परत गेली, पण निदान काही काळ किंमत मोजली.

पैशाचं म्हणाल तर ती दरी बरीच बुजली आहे. अमेरिकन ओपनने १९७३ मध्येच बक्षिसाची रक्कम सारखी केली. विम्बल्डन आणि फ्रेंच ओपनला त्यासाठी २००७ उजाडलं. २०२५ मध्ये रियाधला अपराजित राहून जिंकणाऱ्या एलेना रिबाकिनाला ५२ लाख ३५ हजार डॉलर मिळाले. त्याच महिन्यात ट्यूरिनला असाच अपराजित राहिलेल्या सिनरला ५० लाख ७१ हजार. म्हणजे बाईला थोडे जास्तच! पण ते पैसे आले सौदी अरेबियातून, जिथे २०१८ पर्यंत बायकांना गाडी चालवायची परवानगी नव्हती. जो पैसे देईल त्याच्या दारी जावं लागतं, कारण स्वतःचं घर नाही. बक्षीस एकदा मिळतं, छप्पर रोज लागतं.

आपल्याकडे वेगळं काय आहे? बचत गटाच्या कामानिमित्त मी गावोगावी फिरते. मैदान असतं, कुठे तालुक्याचं क्रीडा संकुलही असतं. पण संध्याकाळी दिवे लागतात ते मुलांच्या क्रिकेटसाठी. मुलींच्या कबड्डीला दुपारचं ऊन. कपडे बदलायला खोली नाही, स्वच्छतागृहाला कुलूप. आठ मार्चला मात्र हार-तुरे आणि संगीत खुर्ची दणक्यात! आणि मग आपणच म्हणतो, "मुलींना खेळाची आवडच नसते."

म्हणून एक सुचवावंसं वाटतं. नगरपालिकेत, ग्रामसभेत जाऊन वेगळा निधी मागण्याआधी वेळ आणि जागा मागू या. मैदानावर रोज संध्याकाळचे दोन तास मुलींचे, दिवे लावून. स्वच्छतागृहाची किल्ली मैदानावरच असावी. आणि वर्षातून एक स्पर्धा, दरवर्षी त्याच तारखेला, तिथेच. पहिल्या वर्षी बघायला फक्त आया येतील. येऊ देत! दुसऱ्या वर्षी शेजारणी येतील, तिसऱ्या वर्षी गाव येईल. पण त्यासाठी तिसऱ्या वर्षापर्यंत ती स्पर्धा टिकायला हवी, आणि ती टिकवणं आपल्या हातात आहे.