टायर फुटला की दोष चालकाचाच?



टायर चालकाच्या हलगर्जीपणामुळेच फुटतात, हा आपल्या लेखकाचा दावा एकांगी आहे. त्यांनीच दाखला दिलेले अमेरिकेतील फायरस्टोन टायरचे प्रकरण पाहा. टायरमध्ये हवा कमी होती, हे खरे. पण हे टायर बसवलेल्या एक्सप्लोरर गाडीसाठी २६ पीएसआय दाब फोर्डनेच सुचवला होता. धावत्या गाडीखाली टायरचा वरचा थर पोलादी पट्ट्यासकट सुटून येई. २७१ मृत्यूंची नोंद झाली. ऑगस्ट २००० मध्ये ६५ लाख टायर परत मागवावे लागले.

भारतात अशा परत मागवणीची तरतूदच नाही, हे त्यांचे विधान तर साफ चूक. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आले; सदोष सुट्या भागासाठीही वाहने परत मागवण्याचा आदेश सरकार देऊ शकते. पण सदोष टायर खरोखर परत यायचे, तर दुकानदारांना बिलावर टायरचा क्रमांक लिहिणे सक्तीचे करा. त्याशिवाय ते घेतलेल्या ग्राहकाला शोधणार कसे?

– एक वाहनधारक, नाशिक