मथळ्यातले प्रेम

‘एकतर्फी प्रेमातून तरुणीवर हल्ला.’ मथळा ठरलेला आहे. तालुका बदलतो. हत्यार बदलते, कोयत्याच्या जागी पेट्रोलची बाटली येते. पहिले दोन शब्द तेवढे हलत नाहीत. उल्हासनगरात १९९० साली परीक्षेला बसलेल्या शाळकरी मुलीला केंद्रात घुसून जाळले, त्या प्रकरणाला हेच नाव मिळाले. हिंगणघाटला ३ फेब्रुवारी २०२० रोजी कॉलेजात शिकवायला निघालेल्या प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवले. आठवड्याभरात ती गेली. तेव्हाही हेच. २०२२ च्या फेब्रुवारीत आरोपीला जन्मठेप झाली, ती खुनासाठी. निकालाच्या बातम्यांनीही ‘एकतर्फी प्रेम’ सोडले नाही.

‘प्रेमातून’ म्हणजे हल्ल्याचे कारण प्रेम. हे कारण बातमीदाराला कोणी सांगितले? पहिल्या दिवशी माहिती मिळते ती पोलीस ठाण्यातून. ठाण्याला ती आरोपीकडून किंवा त्याच्या मित्रांकडून मिळालेली असते. जिला विचारायचे ती जळीत विभागात असते, नाही तर शवागारात. म्हणजे मथळ्यात बसते ती आरोपीची कैफियत, तीही अवतरणचिन्हांशिवाय. एरवी बातमीदार किती जपून लिहितो! ‘कथित’, ‘असा आरोप आहे’, ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’. इथे हल्ल्याला ‘कथित’ लागते, प्रेमाला लागत नाही. लाच घेताना पकडलेल्या तलाठ्याची मुलगी लग्नाची आहे, हे कुणी मथळ्यात घालत नाही. या एकाच गुन्ह्यात गुन्हेगाराचे मन आधी छापले जाते आणि कृत्य नंतर.

कायद्याने हे केलेले नाही. दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर २०१३ मध्ये पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा झाला. दंडसंहितेत तो ३५४ ड होता, आता भारतीय न्याय संहितेत कलम ७८ आहे. तिथे भावनेची चौकशी नाही. बाईने स्पष्ट नाही म्हटल्यावरही तो पुन्हा पुन्हा मागे गेला का, संपर्क साधत राहिला का, हे विचारले आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद, पण गुन्हा जामीनपात्र. दोषी ठरूनही पुन्हा केला तर पाच वर्षांपर्यंत, आणि अजामीनपात्र. म्हणून पहिली तक्रार ही फार मोठी गोष्ट आहे. ती दिली होती का? गुन्हा दाखल झाला, की ‘एनसी’ म्हणजे अदखलपात्र नोंद घेऊन घरी पाठवले? की पोराला बोलावून, समज देऊन सोडले? पाठलाग हा दखलपात्र गुन्हा आहे, त्यामुळे या प्रश्नांची उत्तरे ठाण्याला द्यावी लागतील. ‘प्रेम’ लिहिले की हे प्रश्न विचारायचे राहून जातात. माथेफिरू प्रियकर कुणाला आवरणार, असे म्हणून सगळे मोकळे होतात.

सरकारी कागदही याच भाषेत बोलतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात खुनाच्या हेतूंमध्ये प्रेमप्रकरणाचा रकाना आहे. नकार दिला म्हणून मारलेल्या बाईचा खून त्या रकान्यात पडला, की तिचा नकार कुठेच मोजला जात नाही.

आणि गावात काय होते? ‘एकतर्फी’ हा शब्द लिहिणाऱ्याने तिच्या बचावासाठीच घातलेला असतो. पण गाव त्यातले ‘प्रेम’ तेवढे उचलते. प्रकरण होते म्हणे. टाळी एका हाताने वाजते का? तिचा मोबाइल पाहिला का? मेलेल्या मुलीच्या आईला दहाव्याला आलेल्या बायकांपुढे खुलासे करावे लागतात. तीच बातमी दुसऱ्या घरी वाचली जाते. तिथल्या मुलीच्या मागेही महिनाभर एक दुचाकी असते. घरी सांगितले तर कॉलेज सुटेल आणि स्थळे पाहायला सुरुवात होईल, हे तिला पक्के ठाऊक असते. ती सांगत नाही. रस्ता बदलते, एक एसटी सोडून पुढची धरते. कलम ७८ ज्या तक्रारीवर उभे आहे, ती तक्रार तिथेच गिळली जाते. या गप्प बसण्यात आपल्या मथळ्यांचाही वाटा आहे, हे वर्तमानपत्रांनी मान्य केले पाहिजे.

‘पाठलाग करणाऱ्याने तरुणीला पेटवले’ एवढ्याने मथळा भागतो. जागाही तेवढीच लागते. त्याखाली लिहायला पुष्कळ आहे. तो किती महिने मागावर होता, कोणत्या थांब्यावर उभा राहायचा, तिने कुणाकुणाला सांगितले, कोणत्या तारखेला ती ठाण्यात गेली आणि ठाणे अंमलदाराने काय लिहून घेतले. त्यासाठी बातमीदाराला दुसऱ्या दिवशी पुन्हा ठाण्याची पायरी चढावी लागेल, आणि या वेळी स्टेशन डायरी पाहायला मागावी लागेल.