मायना ज्याचा त्याला

घरात कार्य आहे. निमंत्रणं साठ जणांना जायची आहेत. तुम्ही मजकूर एकदा लिहिता, साठ पत्ते 'टू'च्या रकान्यात भरता आणि पाठवून मोकळे होता.

जरा थांबा.

असं पाठवलं की प्रत्येकाला बाकीच्या एकोणसाठ जणांचे पत्ते दिसतात. ते पत्ते त्यांनी तुम्हाला दिले होते, साऱ्या गावाला नाही. त्यातून एखादे हौशी मामा 'रिप्लाय ऑल' दाबून 'अभिनंदन' लिहितात. मग दिवसभर साठ घरांत टिंगटिंग चालू.

यावर सोपा उपाय म्हणजे बीसीसी. 'टू'मध्ये स्वतःचा पत्ता घाला आणि बाकी सगळे बीसीसीत. कुणालाच कुणाचा पत्ता दिसत नाही. सोसायटीच्या सभेची सूचना द्यायला एवढं पुरे.

पण घरचं निमंत्रण नावानंच जायला हवं. त्यासाठी मेल मर्ज आहे. मजकूर एकच राहतो, पण प्रत्येकाला त्याच्या नावाचं वेगळं पत्र जातं. नाव ऐकून बिचकू नका. क्रमानं करा.

पहिलं काम यादीचं. एक्सेलमध्ये एका ओळीत एकच माणूस. रकाने तीन: नाव, ईमेल आणि मायना.

मायन्याचा रकाना गाळू नका. आपल्याकडे एकच 'प्रिय' सगळ्यांना चालत नाही. काकांना 'ती. स्व. काका' लागतं, मैत्रिणीला 'प्रिय सुनंदा'. मशीनच्या हाती नुसतं नाव दिलंत, तर काकांना 'प्रिय जोशी वसंत' असं पत्र जाईल. बँकेची नोटीस आल्यासारखं!

मी स्वतः ही चूक केली आहे. घाईत सगळ्या बायकांना सरसकट 'सौ.' लावलं. त्यात एक काकू होत्या. काका जाऊन तीनच महिने झाले होते. काकू मला काही बोलल्या नाहीत. कार्याला आल्या, आहेर दिला आणि न जेवता गेल्या.

दुसरं काम मजकुराचं. 'येशील', 'याल' असं लिहू नका. 'अगत्य यावे' लिहा. ते लहानमोठ्या सगळ्यांना चालतं.

तिसरं काम जोडणीचं. वर्डमध्ये 'मेलिंग्ज' उघडा. 'स्टार्ट मेल मर्ज'मधून ईमेल निवडा. 'सिलेक्ट रेसिपियंट्स'मधून तुमची यादी घ्या. जिथं मायना हवा तिथं 'इन्सर्ट मर्ज फील्ड'मधून तो रकाना बसवा. पत्रं आउटलुकमधून जातात, म्हणून त्याच कॉम्प्युटरवर आउटलुक चालू स्थितीत हवं. हे जमत नसेल तर घरातल्या कॉलेजच्या पोराला शेजारी बसवा. त्यात कमीपणा नाही.

या वाटेनं पत्राला पत्रिका जोडता येत नाही. म्हणून तारीख, वेळ आणि कार्यालयाचा पत्ता मजकुरातच लिहा.

चौथं काम तपासणीचं. 'प्रिव्ह्यू रिझल्ट्स' दाबा आणि एकेक पत्र मोठ्यानं वाचा. मग दोनच ओळींची वेगळी यादी करा. एक पत्ता तुमचा, एक घरातल्या कुणाचा. आधी त्यांना पाठवा. ती पत्रं मोबाइलवर उघडून बघा. सगळं ठीक दिसलं तरच पूर्ण यादी घेऊन 'फिनिश अँड मर्ज'. सुटलेली पत्रं परत बोलावता येतील या भरवशावर राहू नका.

यादी फार मोठी असेल तर दोन-तीन दिवसांत वाटून पाठवा. तुमचं आउटलुक जीमेलच्या साध्या खात्याला जोडलेलं असेल, तर दिवसाला 500 जणांपर्यंतच पाठवता येतं. त्यापुढे गेलात तर पाठवणं काही काळ बंद होतं. ऐन लग्नाच्या आठवड्यात ही आफत नको.

आणखी एक. पत्र सगळ्यांना जात असताना 'खास तुम्हालाच कळवतोय' असं लिहू नका. पाहुणे मांडवात भेटतात, पत्रांच्या गोष्टी निघतात आणि तुम्ही तोंडघशी पडता. जे खरोखर खास आहेत त्यांना फोन करा.

मी आता मायन्याचा रकाना हातानं भरतो. साठ ओळींना अर्धा तास लागतो. कोण आजारी आहे, कुणाकडे काय घडलंय, ते त्या अर्ध्या तासात आठवतं. काकूंच्या ओळीत 'ती. स्व. काकू' लिहितो, आणि पत्र पाठवायच्या आधी त्यांना फोन करतो.